खुर्ची पोचली, माणूस कुठवर पोचला?



व्हीलचेअर म्हटलं की आपल्याला दोनच ठिकाणं आठवतात. एक दवाखाना, जिथे वॉर्डबॉय रुग्णाला तिच्यावर बसवून एक्स-रेच्या खोलीकडे ढकलत नेतो. दुसरं शिबिर. तिथे मांडवात खुर्च्या ओळीने मांडलेल्या असतात, पाहुण्यांच्या हस्ते एकेक दिली जाते, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडा येतो, इतक्या दिव्यांगांना इतक्या साधनांचं वाटप. दोन्हीकडे खुर्चीवरच्या माणसाच्या वाट्याला काही करणं येत नाही. एकीकडे त्याला कोणी नेतं, दुसरीकडे त्याला कोणी देतं. आठवडी बाजारात मेथीच्या जुडीचा भाव पाडून मागणारी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत थांबलेली, संध्याकाळी कंटाळा आला म्हणून सहज स्टेशनाकडे चक्कर मारून आलेली व्हीलचेअरवरची बाई मात्र आपल्या डोळ्यांपुढे चटकन येत नाही. व्हीलचेअरने माणूस स्वतंत्र होतो याबद्दल मला शंका नाही. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. हे स्वातंत्र्य आपण वाटलेल्या खुर्च्यांच्या संख्येने मोजतो आणि तिथेच चुकतो. ते अंतराने मोजायला हवं. खुर्चीवर बसलेला माणूस स्वतःच्या मनाने, स्वतःला हव्या त्या वेळी घरापासून कुठवर जाऊन परत येऊ शकतो, ते अंतर म्हणजे त्याला मिळालेलं स्वातंत्र्य. खुर्ची मिळूनही ते अंतर पलंगापासून ओसरीपर्यंतच राहिलं असेल, तर आपण त्याला एक बैठक दिली, एवढंच.

इथे पहिला खुलासा करायला हवा. कोणाचीही मदत न घेता सगळं स्वतः करता येणं म्हणजे स्वातंत्र्य, अशी एक समजूत आहे. या कसोटीवर आपल्यातलं कोणीही उतरणार नाही. पेरणीला ट्रॅक्टर दुसऱ्याचा, दळण गिरणीवाल्याकडे, प्रवास एसटीच्या ड्रायव्हरच्या भरवशावर, आणि तरी आपण स्वतःला परावलंबी म्हणत नाही. अमेरिकेत एड रॉबर्ट्स नावाचा माणूस होऊन गेला. १९५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी त्याला पोलिओ झाला आणि मानेखालचं जवळजवळ सगळं शरीर निकामी झालं. श्वास घेता यावा म्हणून त्याला रात्री लोखंडी पेटीसारख्या यंत्रात झोपावं लागे. कपडे घालायला, जेवायला माणूस लागे. या अवस्थेत त्याने १९६२ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात प्रवेश मिळवला, आणि १९७२ साली त्याच्यासारख्याच विद्यार्थ्यांच्या धडपडीतून तिथे स्वतंत्र जगण्यासाठीचं पहिलं केंद्र उभं राहिलं. त्या चळवळीची मांडणी साधी होती. मदत घेण्याने माणूस परतंत्र होत नाही. मदत कधी घ्यायची, कोणाची घ्यायची आणि कशासाठी घ्यायची हे दुसऱ्याने ठरवलं, तर तो परतंत्र होतो. मोटरवर चालणाऱ्या खुर्चीने रॉबर्ट्सला पाय परत दिले नाहीत. कोणत्या वर्गात किती वाजता जायचं याचा निर्णय मात्र त्याच्या हातात आला.

इतकं लांब जायची गरज नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं कमरेखालचं शरीर ऐन तारुण्यात लुळं पडलं. त्या काळात अशा मुलीच्या वाट्याला एक खाट आणि आईवडिलांची काळजी, एवढंच येत असे. बाबूकाका दिवाण हे स्वतः व्हीलचेअर वापरणारे गृहस्थ त्यांना भेटले आणि असंही जगता येतं हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं. पुढे शिक्षण झालं, केंद्र सरकारच्या अबकारी खात्यात नोकरी झाली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘चाकाची खुर्ची’. मला त्या संस्थेच्या कामाची वाट महत्त्वाची वाटते. साधन दिलं आणि काम संपलं असं तिथे झालं नाही. मुलांना शाळेच्या जवळ राहता यावं म्हणून वसतिगृह आलं, शाळेची इमारत अशी बांधली की चाकांना कुठे अडू नये, आणि शिकलेल्यांना कमावता यावं म्हणून सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेसारखा उद्योग उभा केला. खुर्चीवरून माणूस जिथवर जाऊ शकतो ते अंतर एकेका टप्प्याने वाढवत नेलं. ही कामाची पद्धत आहे, दानधर्म नव्हे, आणि ती कोल्हापूरइतकीच इथे जालना जिल्ह्यात, आपल्या परतूरलाही चालू शकते.

आता एक आक्षेप, जो घराघरात ऐकू येतो आणि कधीकधी डॉक्टरांच्या तोंडूनही येतो. पोराला एकदा खुर्चीत बसवलं की ते कायमचं बसेल, चालण्याची जिद्द संपेल, म्हणून खुर्ची शक्य तितकी लांबवा. या आक्षेपामागे माया आहे, म्हणून तो झटकून टाकण्यासारखा नाही. ज्या मुलाचे पाय व्यायामाने सुधारण्यासारखे आहेत त्याचा व्यायाम खुर्ची आली म्हणून थांबता कामा नये, हेही खरं. पण मज्जारज्जू तुटलेल्या माणसाच्या बाबतीत इतिहास काय सांगतो ते पाहा. दुसऱ्या महायुद्धापर्यंत असे रुग्ण बहुतेक वर्षा-दोन वर्षांत जात. ते मरत ते मुख्यतः अंथरुणाला खिळल्यामुळे होणाऱ्या जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने. नाझी जर्मनीतून परागंदा होऊन इंग्लंडला आलेल्या लुडविग गुटमन या डॉक्टरने १९४४ साली स्टोक मँडव्हिल इथे अशा जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला. त्याने रुग्णांची कूस ठरावीक वेळाने बदलायला लावली, त्यांना अंथरुणातून उठवून खुर्चीत बसवलं, कामाला आणि खेळाला लावलं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्या इस्पितळाच्या हिरवळीवर १६ जणांनी व्हीलचेअरवरून तिरंदाजीची स्पर्धा खेळली. आजच्या पॅरालिंपिकचा उगम तिथला. खुर्चीत बसल्याने त्या माणसांची उमेद गेली नाही. उमेद अंथरुणात जात होती.

या परंपरेत महाराष्ट्राचं नाव पहिल्या रांगेत आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालची शक्ती गेली. उपचार म्हणून पोहायला सुरुवात केली आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळवलं. भारताचं वैयक्तिक प्रकारातलं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मात्र २०१८ साली मिळाली. आपल्या मराठवाड्यात नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव बसून गोळाफेक करतात, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनात भारताचा ध्वज हाती धरणाऱ्या दोघांपैकी त्या एक होत्या. ही नावं अभिमानाने घ्यावीत. तरी त्यांच्यावर माझ्या म्हणण्याचा भार मी टाकणार नाही. पदक मिळवणाऱ्याची गोष्ट सांगून आपण नकळत एक अट घालतो, की स्वातंत्र्य हवं असेल तर आधी असामान्य होऊन दाखव. चालता येणाऱ्या माणसाला रस्त्यावर येण्यासाठी काही सिद्ध करावं लागत नाही. किराणा आणायला, मैत्रिणीकडे बसायला, विनाकारण भटकायला निघालेल्या साध्या माणसासाठी रस्ता मोकळा असणं ही खरी कसोटी आहे.

आता खुर्चीकडेच बारकाईने पाहू, कारण आपल्या बहुतेक चुका इथून सुरू होतात. दवाखान्यातली खुर्ची ढकलणाऱ्यासाठी बनवलेली असते. ती जड असते, बैठक सरसकट एकाच रुंदीची, हात टेकायचे दांडे पक्के आणि चाकं अशा जागी की बसलेल्याचा हात त्यांवर नीट पडत नाही. दिवसातून अर्धा तास बसायला ती ठीक आहे. पण जो माणूस दिवसाचे दहा-बारा तास तिच्यात काढणार, त्याच्या शरीराला ती बेतलेली नसेल तर ती त्याला इजा करते. बैठक रुंद असली की माणूस एका अंगावर कलतो आणि हळूहळू पाठीचा कणा वाकडा होऊ शकतो. पाय ठेवायची पट्टी उंच असली की सगळा भार बुडाच्या हाडांवर येतो. ज्याला कमरेखाली संवेदनाच नाही त्याला खाली जखम होत असल्याचं कळत नाही, आणि चांगल्या गादीअभावी झालेली ती जखम महिनोन्महिने भरत नाही. अपघाताने पांगळा झालेला खाण अभियंता हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्याचा यंत्रज्ञ मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३० च्या दशकात घडी होणारी हलकी खुर्ची बनवली. ती मोटारीत टाकता येत होती. वापरणाऱ्याच्या गरजेतून वस्तू घडली की काय होतं त्याचं हे जुनं उदाहरण. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली कमी साधनांच्या देशांसाठी व्हीलचेअरविषयी मार्गदर्शिका काढली. तिने खुर्ची देणं ही आठ टप्प्यांची सेवा मानली आहे. माणसाची तपासणी, मापं, निवड, जुळवाजुळव, बसवून पाहणं, वापरण्याचं शिक्षण, आणि शेवटी पाठपुरावा नि दुरुस्ती, हे सगळं त्यात येतं. शिबिरात आपण यातला एक टप्पा करतो आणि बाकीचे त्या घरावर सोडून देतो. त्याच संघटनेचा अंदाज असा की, जगात ८ कोटी लोकांना व्हीलचेअरची गरज आहे आणि त्यांतल्या फार तर ५ ते ३५ टक्के लोकांनाच योग्य खुर्ची मिळते. यातला ‘योग्य’ हा शब्द आपण वाटपाच्या बातमीत कधी छापत नाही.

आणि ‘योग्य’ हे ठिकाणावरही ठरतं. दुधना नदीच्या खोऱ्यातली ही आपली काळी माती. मृगाच्या दोन सरी पडल्या की ती चाकाला धरते आणि सोडत नाही. गुळगुळीत फरशीसाठी बनवलेल्या खुर्चीची पुढची लहान, कडक चाकं या मातीत रुततात, दगडाला अडतात आणि माणूस पुढे कोसळतो. अमेरिकेतला राल्फ हॉचकिस हा अभियंता स्वतः व्हीलचेअर वापरतो. गरीब देशांत फिरून त्याने खडबडीत वाटेसाठीची खुर्ची तयार केली. पुढची चाकं रुंद, चाकांमधलं अंतर जास्त, म्हणजे खड्ड्यात तोल जाऊ नये, आणि सुटे भाग शक्य तेवढे स्थानिक बाजारात मिळणारे, म्हणजे मोडली तर गावातच दुरुस्त व्हावी. आपल्याकडे चेन्नईच्या आयआयटीत या दिशेने काम झालं आहे. तिथून निघालेल्या निओमोशन कंपनीने मापाप्रमाणे बनणारी खुर्ची आणि तिला पुढे जोडता येणारा मोटरचा भाग बाजारात आणला. तो जोडला की रस्त्यावर धावायचं, घरी आलं की काढून ठेवायचा. ग्रामीण महाराष्ट्राने स्वतःहून स्वीकारलेलं साधन म्हणजे हाताने चालवायची तीनचाकी सायकल. तिने हजारो लोकांना रस्त्यावर आणलं, पानटपऱ्या आणि मोबाइल दुरुस्तीची दुकानं चालवायला मदत केली. तिचं ऋण मानलं पाहिजे. पण ती घराच्या दारातून आत येत नाही, आणि तिच्यावरून उतरलेला माणूस उरलेली वाट जमिनीवरून सरकत जातो. ज्याला घरात आणि बाहेर दोन्हीकडे जगायचं आहे त्याला बहुधा दोन साधनं लागतात. सरकारी योजना मात्र एकच देते आणि पुन्हा मागायला काही वर्षं थांबायला सांगते.

खुर्ची योग्य मिळाली असं धरू. आता अंतर मोजायला लागू. पहिला अडथळा घराचा उंबरठा. त्यानंतर न्हाणी आणि संडास. स्वच्छ भारत अभियानात १२ हजार रुपयांच्या अनुदानातून लाखो घरांत संडास आले, ही मोठीच गोष्ट झाली. पण तीन-साडेतीन फुटांची ती खोली, वर पायऱ्या, अरुंद दार आणि उकिडवं बसायचं भांडं, यांत व्हीलचेअर वळणार कशी? तिला नुसतं वळायला पाच फूट मोकळी जागा लागते. परिणाम सगळ्यात आधी बायकांवर होतो. बाहेर सोय नाही म्हणून त्या पाणी कमी पितात, लघवी दाबून धरतात, त्यातून संसर्ग होतो, आणि मग घरची माणसं म्हणतात की हिला बाहेर जाणं सोसत नाही. इथे शरीराला दोष नाही, बांधकामाला आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलांत दिव्यांगांना शक्यतो पाच टक्के वाटा द्यावा असं धोरण आहे. ज्याच्या नावाने घरकुल मंजूर झालं त्याला स्वतःच्या दारातून आत जाता येईल, एवढी अट नकाशातच घातली तर खर्च फारसा वाढत नाही.

उंबरठा ओलांडला की गल्ली. सिमेंटचा नवा रस्ता जुन्या रस्त्यावरच ओतला जातो, त्यामुळे दारं खाली राहतात, आणि मध्ये उघडी नाली. नालीवरचा ढापा फुटलेला असेल तर चालणारा माणूस ओलांडून जातो. खुर्चीवरचा तिथून परत फिरतो. उताराचं गणित सोपं आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा. म्हणजे दोन फूट उंच ओट्याला चोवीस फूट. आपल्याकडे सरकारी इमारतींना सहा-सात फुटांत तेवढीच उंची गाठणारे उतार बांधलेले दिसतात. त्यावरून एकट्याने वर जाता येत नाही आणि खाली येताना खुर्ची उलटते. कागदावर मात्र उतार झाल्याची नोंद होते. एसटीने दिव्यांगांना भाड्यात सवलत दिली आहे आणि ती मोलाची आहे, पण गाडीच्या पायऱ्या चढण्याची सोय तिकिटात नसते. परतूर मनमाड–काचीगुडा मार्गावरचं स्टेशन आहे, इथून माणूस संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात उपचाराला रेल्वेने जातो. दिव्यांगांच्या डब्याचं दार रुंद असतं खरं, पण डबा बहुधा गाडीच्या टोकाला येतो, फलाट आणि दार यांच्यातली उंची तशीच राहते, आणि गाडी तर दोन मिनिटं थांबते. या प्रत्येक ठिकाणी चार माणसं मदतीला धावतात. ती आपल्या गावांची पुण्याई आहे. पण उचलून नेण्याची मदत मागावी लागते, आणि मागावी लागणारी गोष्ट माणूस रोज मागत नाही. तो जाणंच कमी करतो.

कायदा याबाबतीत आपल्या फार पुढे आहे. १९९५ चा पहिला कायदा झाला, २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली, मग २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. त्याच्या ४५ व्या कलमाने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ साली संपली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईत विवाह नोंदणीचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, म्हणून व्हीलचेअरवरच्या वधूला उचलून जिन्याने न्यावं लागलं. तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. राजधानीत ही स्थिती, तर तालुक्याचं काय सांगावं? नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी प्रकरणात सांगितलं की, सुगम्यतेचे नियम सल्लावजा असून चालणार नाहीत, त्यांतले किमान निकष सक्तीचेच हवेत. शासनाला इच्छा झाली तर काय करता येतं हे आपण दर निवडणुकीला पाहतो. मतदानाच्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेला उतार असतो, व्हीलचेअर आलेली असते, ती ढकलायला स्वयंसेवक असतो. २०२४ च्या लोकसभेला ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरबसल्या मतदानाचीही सोय होती. मतदार म्हणून ज्याला आपण एक दिवस दारापर्यंत पोचवतो, त्याच शाळेत पालक म्हणून, ग्रामसभेत ग्रामस्थ म्हणून त्याने उरलेले दिवस कसं पोचायचं?

यावर तीन गोष्टी ऐकाव्या लागतात. पहिली, अशी माणसं किती? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. देशातलं प्रमाण २.२१ टक्के. त्याच वर्षी दिव्यांगत्वावरच्या जागतिक अहवालाचा जगभरासाठीचा अंदाज १५ टक्के होता. फरक एवढा मोठा, त्याचं एक कारण म्हणजे घरात राहिलेलं माणूस मोजणीतही मागे राहतं. व्हीलचेअरपुरतं बोलायचं तर आरोग्य संघटना लोकसंख्येच्या सुमारे १ टक्का गरज धरते, म्हणजे लाख वस्तीला हजार माणसं. ती बाजारात दिसत नाहीत म्हणून उतार बांधायचा नाही, आणि उतार नाही म्हणून ती दिसत नाहीत, हे चक्र कोणीतरी एका बाजूने तोडलंच पाहिजे. दुसरी गोष्ट खर्चाची. तोच २०११ चा जागतिक अहवाल सांगतो की, नवं बांधकाम सुरुवातीपासून सुगम केलं तर वाढीव खर्च साधारण १ टक्का येतो. महाग पडतं ते नंतर फोडून पुन्हा बांधणं. आणि तो उतार केवळ खुर्चीसाठी राहत नाही. गुडघे गेलेली आजी, सातव्या महिन्यातली सून, हातगाडीवाला, सगळे पायरी सोडून तिकडूनच जातात. तिसरं म्हणणं असं की, आधी सगळ्यांसाठी धड रस्ते होऊ द्या, मग यांचं बघू. रस्ते वाईट आहेत हे मान्यच. पण दरवर्षी काही रस्ते होतातच, आणि जो आज चुकीच्या उंचीवर झाला तो पुढची वीस वर्षं तसाच राहणार. म्हणून ‘मग बघू’ म्हणणं इथे परवडत नाही.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र पैशाचा नाही. आपल्याकडे कुटुंब आहे, म्हातारी-कोतारी, लुळी-पांगळी माणसं घरातच सांभाळली जातात, मग हे एकट्याने हिंडण्याचं खूळ कशाला, असं मनापासून म्हणणारी माणसं आहेत. त्यांच्या घरांनी खरंच खूप केलं आहे. परंतु सांभाळणारं कोण असतं ते बघावं. आई मुलाला कडेवर घेऊन शाळेत पोचवते, तो दहा वर्षांचा होईपर्यंत. मग तिची कंबर जाते आणि त्याची शाळा जाते. कधी थोरल्या बहिणीची शाळा आधी सुटते, भावाजवळ थांबायला कोणी हवं म्हणून. नवरा खाटेला खिळला तर बायकोची मजुरी बुडते. योग्य खुर्ची आणि मोकळी वाट यांनी एक माणूस सुटत नाही, दोन सुटतात. शिवाय मायेच्या छायेतही कोणाला कायम दुसऱ्याच्या सवडीने जगावं लागत असेल, तर त्याला राग व्यक्त करायचीही सोय राहत नाही, कारण ज्याच्यावर रागवायचं त्यानेच रात्री कूस बदलून द्यायची असते. कुटुंब तुटावं असं माझं म्हणणं नाही. उलट, गरजेपोटी बांधलेलं नातं मोकळं झालं तर ते अधिक आपुलकीने टिकतं असं मला वाटतं.

परतूरने काय करावं, हे परतूरकरांनीच ठरवायचं आहे. माझ्या मते सुरुवात पैशाच्या हिशेबापासून व्हावी. नगरपरिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांग कल्याणावर खर्च करायचे असतात. महाराष्ट्रात २०२२ च्या डिसेंबरपासून या विषयाचा स्वतंत्र विभागही आहे. हा पाच टक्क्यांचा निधी रक्कम किंवा वस्तू वाटून संपवण्याकडे कल असतो. त्यातला काही भाग एकाच वाटेवर खर्च करून पाहावा. स्टेशनापासून बसस्थानकापर्यंत, तिथून तहसील, सरकारी दवाखाना आणि एखाद्या शाळेपर्यंत एकही पायरी, एकही फुटका ढापा लागणार नाही, अशी एक वाट. गावातल्या एक-दोन सायकल दुरुस्तीवाल्यांना व्हीलचेअरचं बेअरिंग, ब्रेक आणि पुढची चाकं बदलायला शिकवावं आणि त्या कामाचं बिल याच निधीतून द्यावं. मोडलेली खुर्ची जालन्याला पाठवून महिनाभर घरात बसणं त्याने वाचेल. आणि वाट कोणती, उतार कुठे, संडासाचं दार केवढं, हे अभियंत्याने एकट्याने आखू नये. तालुक्यातल्या खुर्ची वापरणाऱ्या बायका-पुरुषांना अंदाजपत्रकाच्या आधी बोलवावं, त्यांना त्या वाटेवरून प्रत्यक्ष नेऊन मापं घ्यावीत आणि ती मापं ठरावात लिहावीत. त्यासाठी पहिली बैठक तळमजल्यावर ठेवावी लागेल.